आधी माणसं, मग इमारत: सोसायटीच्या नियमांची गोष्ट

बसमध्ये उभ्या उभ्या ऐकत असाल किंवा भांडी घासता घासता, आजचा विषय तुम्ही रोज बघताय. लिफ्टशेजारच्या नोटीस बोर्डावर. ‘पाणी सकाळी सहा ते आठ.’ ‘ओला आणि सुका कचरा वेगळा ठेवावा.’ ‘मेंटेनन्स दहा तारखेच्या आत भरावा.’ आणि त्याखाली, ठळक अक्षरात, ‘बॅचलर भाडेकरू ठेवू नयेत. हुकुमावरून.’

ही शेवटची ओळ मी पहिल्यांदा वाचली तेव्हा बी.टेक. संपवून नुकताच पुण्यात आलो होतो. पहिली नोकरी, दोन मित्र, एक टू बीएचके. घरमालक काकांना आमची अडचण नव्हती. तीन महिन्यांनी कमिटीने बोलावलं. सेक्रेटरी शांतपणे म्हणाले, “तुम्ही मुलं चांगली आहात. पण नियम तो नियम.” पुढच्या रविवारी आमच्या गाद्या टेम्पोत होत्या. आमच्याविरुद्ध एकही तक्रार नव्हती, हे मला आजही खटकतं.

आता गंमत बघा. मागच्या वर्षी कर्ज काढून मी स्वतःचा वन बीएचके घेतला. सोसायटीच्या कमिटीसाठी कुणी उभं राहायला तयार नव्हतं, म्हणून मला उभं केलं. येत्या रविवारी आमची सर्वसाधारण सभा आहे आणि विषय क्रमांक सात आहे, बॅचलर भाडेकरूंना बंदी. यावेळी मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसणार आहे. तेव्हा म्हटलं, हात वर करायच्या आधी हे सोसायटी प्रकरण मुळात कुठून आलं ते तरी बघू.

तर चला, थेट 1896च्या मुंबईत.

त्या वर्षी मुंबईत प्लेग आला. गिरणगावातल्या, बंदराजवळच्या दाट वस्त्या, एका खोलीत दहा-दहा माणसं, हवा नाही, उजेड नाही. 1898मध्ये सरकारने सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन केला. ट्रस्टने कोंदट वस्त्या पाडल्या, नवे रस्ते काढले, नवी जमीन तयार केली. पण पाडलेल्या घरांच्या मानाने नवी घरं कमी. पगारदार माणसाची तर विचित्र कोंडी होती. चाळीतली खोली अपुरी आणि बंगला स्वप्नातही नाही. बँक कारकुनाला दारात उभी करत नव्हती.

या कोंडीतून वाट काढणाऱ्यांमध्ये एक नाव महत्त्वाचं आहे, रावबहादूर श्रीपाद सुब्राव तालमकी. कारवार-कानडा भागातून नोकरीसाठी मुंबईत आलेल्या सारस्वत समाजातले. 1904मध्ये सहकारी पतसंस्थांचा कायदा आला होता. त्याचा आधार घेऊन तालमकींनी 1906मध्ये आपल्या गुरूंच्या, शामराव विठ्ठल कायकिणींच्या नावाने पतसंस्था काढली. तीच पुढे शामराव विठ्ठल बँक झाली. पण 1904च्या कायद्यात फक्त कर्ज देणाऱ्या संस्थांना जागा होती. 1912च्या नव्या कायद्याने ती मर्यादा काढली आणि घरांसाठीही सहकारी संस्था काढता येऊ लागली. 1915मध्ये गावदेवीत सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी उभी राहिली. देशातल्या अगदी सुरुवातीच्या गृहनिर्माण सोसायट्यांपैकी ही एक.

तिची रचना आजच्या सोसायटीपेक्षा वेगळी होती. सभासदांनी शेअर घ्यायचे, इमारत संस्थेच्या मालकीची राहणार, आणि सभासद आपल्याच संस्थेला भाडं देणार. म्हणजे प्रत्येक जण थोडा मालक, थोडा भाडेकरू. इंग्लंडमध्ये तेव्हा अशा भाडेकरू-भागीदारीच्या संस्था चालू होत्या, तिथूनच ही कल्पना आली. पुढे पहिल्या महायुद्धात मुंबईतली भाडी इतकी भडकली की 1918मध्ये सरकारला भाडेनियंत्रणाचा कायदा आणावा लागला. आपलाच घरमालक आपणच असण्याची किंमत तेव्हा लोकांना नीट कळली असणार.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. या सोसायटीत आधी माणसं एकत्र आली, मग नियम ठरले, आणि शेवटी इमारत उभी राहिली. जो नियम करत होता, तोच त्या नियमाखाली राहणार होता.

पण या माणसांची निवड कशी झाली? नावातच उत्तर आहे. सोसायटी सारस्वतांची होती. त्या काळात मुंबईत जातीच्या, समाजाच्या नावाने अशा अनेक सोसायट्या निघाल्या. याला मी नुसती नावं ठेवणार नाही, त्यामागे एक हिशेब होता. तारण ठेवायला काही नसलेल्या माणसाला कर्ज द्यायचं, तर त्याला ओळखणारं कुणीतरी हवं. हप्ता बुडवला तर चार नातेवाईक विचारतील, ही भीती हेच तारण. ओळखीवर विश्वास, विश्वासावर पैसा, पैशावर घर.

मग ज्याला कुठलाच गट आत घेत नाही, त्याने काय करायचं?

गावदेवीची सोसायटी निघाल्यानंतर दोनच वर्षांनी, 1917मध्ये, परदेशातून शिकून आलेला एक तरुण बडोदा संस्थानात नोकरीला रुजू झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर. कोलंबिया विद्यापीठात शिकलेल्या या माणसाला बडोद्यात खोली मिळेना. शेवटी ते पारशी नाव सांगून एका पारशी धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढलं. एका हिंदू आणि एका ख्रिश्चन ओळखीच्या माणसाकडे त्यांनी आसरा मागून पाहिला, तिथेही नाही. ते एका बागेत बसून राहिले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परतले. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय.

माझा टेम्पो आणि हा प्रसंग यांची तुलना मी करत नाहीये, होऊच शकत नाही. मला दुसऱ्या आठवड्यात दुसरं घर मिळालं. पण ‘आपली माणसं’ हा शब्द आतल्यांना कितीही उबदार वाटला, तरी बाहेरच्यासाठी ते बंद दार असतं, एवढं यातून दिसतं.

आता थोडं वेगाने पुढे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960. त्याचं कलम 23 सांगतं की पात्र माणसाला पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारता येणार नाही. मग आला 1963चा ‘मोफा’, म्हणजे फ्लॅट बांधून विकणाऱ्यांसाठीचा कायदा. बिल्डरने फ्लॅट विकले की घेणाऱ्यांची सोसायटी किंवा कंपनी स्थापन करून देणं हे त्याचं कर्तव्य ठरलं. ग्राहकासाठी हे चांगलंच झालं. पण क्रम उलटला. आता आधी इमारत उभी राहते, मग माणसं येतात, आणि सगळ्यात शेवटी सोसायटी. शेजारी कोण, हे चावी मिळाल्यावर कळतं. राज्यघटनेच्या अनुच्छेद 43-ब मध्ये सहकारी संस्थांची ‘स्वेच्छेने स्थापना’ असा शब्दप्रयोग आहे. आपली स्वेच्छा मात्र फ्लॅट निवडताना संपते, सोसायटी त्याच्यासोबत पॅकेजमध्ये येते.

जुना क्रम कायद्याने पूर्ण पुसला असंही नाही. 2005मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी सोसायटीच्या खटल्यात म्हटलं की, फक्त पारशांनाच सभासद करायचं हा उपविधी बेकायदेशीर नाही. संघटना स्थापन करण्याच्या स्वातंत्र्यात आपले सोबती निवडण्याचं स्वातंत्र्यही आलं, असा तो युक्तिवाद. त्यावर आजही वाद होतो.

पण आपल्या बहुतेकांच्या सोसायट्या अशा नाहीत. तिथे चालतात आदर्श उपविधी, आणि ते वाचायला मला खरंच मजा आली. कारण ते नीट लिहिलेल्या कोडसारखे आहेत. सेवाशुल्क, म्हणजे वॉचमन, सफाई, जिन्यातले दिवे, सगळ्यांना सारखं. फ्लॅट वन बीएचके असो की थ्री. पाण्याचा खर्च नळजोडण्यांच्या हिशेबाने. लिफ्टचा खर्च तळमजल्यावाल्यालाही, यावर प्रत्येक सभेत भांडण ठरलेलं. दुरुस्ती निधी बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान 0.75 टक्के, सिंकिंग फंड किमान 0.25 टक्के. थकबाकीवर व्याज जास्तीत जास्त 21 टक्के. फ्लॅट भाड्याने दिला तर बिगर-भोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, ही मर्यादा 2001ची. भाडेकरू ठेवताना सोसायटीला आधी कळवायचं असतं, आणि भाडेकरू विवाहितच हवा अशी अट त्यात कुठेही नाही.

हे वाचताना माझ्या डोक्यात दोन रकाने तयार झाले. पहिल्या रकान्यात पाण्याची वेळ, कचरा, मेंटेनन्स, पार्किंग. हे नियम करणारा स्वतःही ते पाळतो. पाणी आठला बंद होतं तेव्हा सेक्रेटरींचंही बंद होतं. दुसऱ्या रकान्यात बॅचलर बंदी, भाडेकरूंना वेगळी लिफ्ट, कामवाल्या मावशींनी बाकावर बसायचं नाही. हे नियम ज्यांच्यासाठी आहेत त्यांना सभेत मत नाही, आणि ज्यांना मत आहे त्यांना ते नियम कधीच पाळावे लागत नाहीत.

गावदेवीच्या सभासदांनी निदान आपसात तरी ही चूक केली नव्हती. दार कुणाला उघडायचं यात ते चुकले असतील, पण आत घेतलेल्या प्रत्येकाला त्यांनी मत दिलं होतं.

रविवारी मी विषय सातला विरोध करणार आहे. जिंकेन असं नाही. समोरच्या विंगमधल्या आजींना खरंच रात्री झोप लागत नाही, पाचव्या मजल्यावरच्या पोरांच्या गाण्यांमुळे. त्यांचा त्रास खोटा नाही. म्हणून मी एक पर्याय लिहून नेतोय. रात्री दहा ते सकाळी सहा मोठा आवाज नको, सगळ्यांसाठी. बॅचलरांच्या पार्टीला तोच नियम, तिसऱ्या मजल्यावरच्या वाढदिवसाला तोच, आणि हो, गणपतीत आमच्या कमिटीच्या स्पीकरलाही तोच. हा तिसरा भाग वाचून आमचे खजिनदार आत्तापासूनच माझ्याशी बोलत नाहीयेत.

सभेत काय झालं ते पुढच्या भागाच्या सुरुवातीला सांगतो. तोवर आज घरी गेल्यावर लिफ्टची वाट बघताना मोबाइल खिशात ठेवा आणि नोटीस बोर्ड नीट वाचा. प्रत्येक ओळीपाशी एकच विचारा, हे लिहिणारा स्वतः हे पाळतो का? उत्तरं मला कळवा. भेटू पुढच्या भागात!