मागापासून मोटारीपर्यंत : टोयोटा उद्योगाच्या लौकिकाचा इतिहास

प्रस्तावना

आज ‘जपानी बनावट’ हे शब्द टिकाऊपणाची हमी म्हणून उच्चारले जातात. परंतु १९३० च्या दशकात मुंबईच्या बाजारात ‘जपानी माल’ म्हटले की स्वस्त, दिखाऊ आणि अल्पजीवी वस्तू असाच अर्थ घेतला जाई. जपानी कापडाच्या स्वस्ताईने मुंबईच्या गिरणी मालकांची झोप उडवली होती. त्यांच्या मागणीनुसार जून १९३३ मध्ये ब्रिटिशेतर सुती कापडावरील आयात कर ७५ टक्क्यांपर्यंत नेण्यात आला. त्याला उत्तर म्हणून जपानी सूतगिरण्यांनी हिंदी कापसाच्या खरेदीवर बहिष्कार घातला आणि १९३४ च्या व्यापारी करारानंतरच हा तंटा शमला. म्हणजे एका पिढीने ज्या मालाकडे संशयाने पाहिले, त्याच देशाच्या मालावर पुढच्या पिढ्यांनी डोळे मिटून विश्वास ठेवला. हा बदल कसा घडला?

‘जपानी माणूस जात्याच शिस्तीचा’ असे उत्तर आपल्याकडे व्यवस्थापनाच्या व्याख्यानांतून नेहमी दिले जाते. ते ऐकावयास सोपे असले तरी इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही. राष्ट्रीय स्वभावाने सर्व काही घडत असते, तर तोच स्वभाव १९३५ मध्ये कोठे होता? प्रस्तुत लेखात टोयोटा या एका उद्योगाच्या आधारे हा प्रश्न तपासला आहे. टोयोटाचा लौकिक हा अपयशांना दिलेल्या ठोस प्रतिसादांतून निर्माण झाला आणि त्या प्रतिसादांची किंमत सर्वांनी सारखी मोजली नाही, अशी प्रस्तुत लेखकाची भूमिका आहे.

थांबणारा माग

या उद्योगाचे मूळ कापडात आहे. साकिची टोयोडा (१८६७-१९३०) हा शिझुओका परिसरातील एका सुताराचा मुलगा. त्याने १८९० मध्ये लाकडी हातमागात सुधारणा केली आणि १८९६ मध्ये यंत्रशक्तीवर चालणारा माग तयार केला. त्याच्या प्रयत्नांचे सर्वांत परिपक्व फळ म्हणजे १९२४ चा ‘जी’ प्रकारचा स्वयंचलित माग. हा माग चालू असतानाच रिकामा धोटा बदलला जाई आणि धागा तुटला की माग आपोआप थांबे. मुंबईच्या गिरण्यांत मागाला ‘साचा’ म्हणत. तेथे कामगाराला साच्यावर सतत नजर ठेवावी लागे, कारण धागा तुटल्यावरही साचा चालत राहिला तर वारच्या वार कापड वाया जाई. टोयोडाच्या मागाने हा पहारा अनावश्यक ठरवला. एकच कामगार अनेक माग सांभाळू लागला. दोष उत्पन्न होताच काम थांबविणे या तत्त्वाला पुढे ‘जिदोका’ असे नाव मिळाले आणि मोटार कारखान्याच्या विचारसरणीचा तो एक आधारस्तंभ झाला.

१९२६ मध्ये टोयोडा स्वयंचलित माग कारखाना स्थापन झाला. १९२९ च्या अखेरीस लँकेशायरमधील प्लॅट ब्रदर्स या यंत्रनिर्मात्या कंपनीने या मागाचे हक्क एक लाख पौंडांना घेण्याचा करार केला. जगाला माग पुरविणाऱ्या लँकेशायरने जपानकडून मागाची विद्या विकत घ्यावी, ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. या पैशातून मोटारीचे बीज पेरले गेले, अशी कथा उद्योगाच्या इतिहासात सांगितली जाते. नंतरच्या काही अभ्यासकांनी तिच्याविषयी शंका घेतली आहे. संस्थापकांच्या कथा नेहमीच वास्तवापेक्षा नीटनेटक्या असतात.

येथे एक साम्य सहज आठवते. साकिचीहून दोन वर्षांनी लहान असलेले लक्ष्मणराव किर्लोस्कर (जन्म १८६९) याच काळात बेळगावात सायकलींच्या दुकानापासून कारखानदारीकडे वळत होते. त्यांचा लोखंडी नांगर, लोखंडाने जमीन विषारी होते या समजुतीमुळे, प्रारंभी शेतकरी घेईनात. या दोन घराण्यांची गाठ पुढे शतकाच्या अखेरीस पडणार होती.

बिघडणारा ट्रक

साकिचीचा मुलगा किइचिरो (१८९४-१९५२) हा टोकियोच्या साम्राज्य विद्यापीठात शिकलेला यंत्र अभियंता. फोर्डने १९२५ मध्ये योकोहामा येथे आणि जनरल मोटर्सने १९२७ मध्ये ओसाका येथे सुट्या भागांची जुळणी सुरू केली होती आणि जपानी बाजार जवळजवळ त्यांच्याच हाती होता. अशा वेळी १९३३ मध्ये किइचिरोने माग कारखान्यातच मोटार विभाग उघडला. मे १९३५ मध्ये पहिली नमुना मोटार आणि नोव्हेंबर १९३५ मध्ये ‘जी-१’ हा ट्रक तयार झाला.

हा ट्रक सतत बिघडत असे. अनावरण समारंभासाठी कारिया येथून टोकियोला नेला जात असतानाच एक ट्रक वाटेत मोडला. विकलेले ट्रक रस्त्यात बंद पडत आणि कारखान्याची माणसे त्यांच्या दुरुस्तीसाठी धावत. जनरल मोटर्सच्या जपानी शाखेतून आलेला शोतारो कामिया हा विक्रीप्रमुख ग्राहकांची नाराजी सेवेने भरून काढण्याचा प्रयत्न करी. परत आलेला प्रत्येक मोडका भाग ही अभियंत्यांची शिकवणी ठरली. मात्र हे शिकणे खुल्या स्पर्धेत झाले असे मानणे चुकीचे होईल. १९३६ च्या मोटार निर्मिती कायद्याने फोर्ड आणि जनरल मोटर्स यांच्यावर मर्यादा घातल्या आणि टोयोडा व निस्सान यांना परवाने दिले. या कायद्यामागे लष्कराची ट्रकची गरज होती. चुका करून शिकण्यास अवधी मिळाला तो सरकारी संरक्षणामुळे. ही बाब गुणवत्तेच्या गौरवगाथांतून बहुधा वगळली जाते.

१९३६ मध्येच बोधचिन्हासाठी स्पर्धा घेण्यात येऊन ‘टोयोडा’ऐवजी ‘टोयोटा’ हे नाव स्वीकारले गेले. जपानी लिपीत ते आठ फटकाऱ्यांत लिहिता येते आणि आठ हा अंक तेथे शुभ मानला जातो. ऑगस्ट १९३७ मध्ये टोयोटा मोटर कंपनी स्वतंत्रपणे अस्तित्वात आली.

१९५० चा संप

टोयोटाच्या इतिहासातील सर्वांत निर्णायक वर्ष कोणते, असे विचारल्यास मी १९५० हे उत्तर देईन. महायुद्धोत्तर महागाई रोखण्यासाठी १९४९ मध्ये अमेरिकी अधिपत्याखाली ‘डॉज धोरण’ म्हणून ओळखली जाणारी कठोर आर्थिक शिस्त लागू झाली. पैसा आटला, ट्रक विकले जाईनात, विकलेल्यांची वसुली होईना. बँक ऑफ जपानच्या नागोया शाखेच्या पुढाकाराने बँकांच्या समूहाने कर्ज दिले, पण अटी कडक होत्या. विक्री विभाग वेगळ्या कंपनीत काढला गेला आणि कामगार कपातीचा प्रश्न पुढे आला. किइचिरोने कोणालाही काढणार नाही असा शब्द दिला होता. तो पाळता आला नाही. एप्रिल ते जून १९५० असा दीर्घ संप झाला. सुमारे १,६०० जणांना ‘स्वेच्छा निवृत्ती’ मागितली गेली आणि किइचिरोनेही अध्यक्षपद सोडले.

त्याच महिन्याच्या २५ तारखेला कोरियात युद्ध सुरू झाले. अमेरिकी सैन्याने जुलैमध्येच १,००० ट्रकची मागणी नोंदवली आणि पुढील मागण्या धरून हा आकडा साडेचार हजारांपलीकडे गेला. जी कंपनी जूनमध्ये बुडत होती ती वर्षभरात नफ्यात आली. किइचिरो मात्र मार्च १९५२ मध्ये, कंपनीत परतण्याची तयारी चालू असतानाच, मरण पावला. शेजारच्या देशाच्या विनाशावर उभारलेली ही सुटका कंपनीच्या व्यवस्थापनाला सुखावणारी असली, तरी ते ती कायमची हमी मानण्यास तयार नव्हते.

या भयातूनच पुढील पद्धती घडली असे म्हणता येते. माणसे पुन्हा भरती न करता उत्पादन वाढवावयाचे होते. न विकला जाणारा साठा पुन्हा करावयाचा नव्हता. ‘गरजेच्या वेळी, गरजेइतकेच’ ही कल्पना किइचिरोने युद्धापूर्वीच मांडली होती. ताइइची ओनो या कारखाना व्यवस्थापकाने ती प्रत्यक्षात आणली. अमेरिकी सुपरमार्केटमध्ये गिऱ्हाईक जेवढे उचलते तेवढेच फळीवर पुन्हा भरले जाते, या व्यवहारावरून त्याने कारखान्याची दिशा उलटी केली. मागच्या टप्प्याने माल पुढे ढकलावयाचा नाही, तर पुढच्या टप्प्याने मागून घ्यावयाचा. ही मागणी कळविणारी चिठ्ठी म्हणजे ‘कानबान’. जुळणीच्या साखळीवर दोष दिसताच कामगाराने दोरी ओढून काम थांबवावे, ही रीत म्हणजे साकिचीच्या मागाचाच मनुष्यरूपी अवतार होय. साखळी थांबविण्याचा अधिकार अगदी खालच्या माणसाला देणे ही त्या काळच्या अमेरिकी कारखान्यांत अकल्पनीय गोष्ट होती.

अमेरिकेतील नामुष्की आणि नंतरचा मान

१९५७ मध्ये टोयोपेट क्राउन ही मोटार अमेरिकेत पाठविण्यात आली. जपानच्या खडबडीत, कमी वेगाच्या रस्त्यांसाठी घडविलेली ही जड मोटार अमेरिकी महामार्गांवर दमछाक होऊन थरथरू लागे. १९५८ मध्ये तेथे टोयोटाची केवळ २८८ वाहने विकली गेली, त्यात २८७ क्राउन आणि एक लँड क्रूझर. १९६० च्या अखेरीस मोटारींची निर्यात थांबविण्यात आली. १९६५ मध्ये महामार्गांचा विचार करून घडविलेल्या कोरोनासह कंपनी परतली आणि त्याच वर्षी तिला गुणवत्ता नियंत्रणाचे डेमिंग पारितोषिक मिळाले. हे पारितोषिक ज्याच्या नावाने दिले जाते तो सांख्यिकीतज्ज्ञ अमेरिकी होता, हे ध्यानात घेतले म्हणजे ‘जपानी स्वभावा’ची उपपत्ती आणखी लंगडी पडते.

१९६६ ची कोरोला, १९७३ चे तेलसंकट, १९७५ मध्ये फोक्सवॅगनला मागे टाकून अमेरिकेतील आयात मोटारींत पहिला क्रमांक, १९८९ ची लेक्सस, १९९७ ची प्रियस आणि २००८ मध्ये विक्रीत जनरल मोटर्सवर मात, हा क्रम सर्वपरिचित असल्याने येथे विस्तार करीत नाही. एकच प्रसंग नोंदवतो. १९८९ च्या अखेरीस लेक्ससच्या सुमारे ८,००० मोटारी किरकोळ दोषांसाठी परत बोलवाव्या लागल्या. विक्रेत्यांनी त्या ग्राहकांच्या दारातून नेल्या आणि दुरुस्त करून परत आणून दिल्या. नव्या नावाची अब्रू जाण्याऐवजी वाढली. कामियाने मोडक्या ट्रकबाबत जे केले होते, त्याचीच ही मोठ्या प्रमाणावरील आवृत्ती होती.

साखळीवरील माणूस

या लौकिकाची दुसरी बाजू जपानमध्येच मांडली गेली. सातोशी कामाता या पत्रकाराने १९७२-७३ मध्ये टोयोटात हंगामी कामगार म्हणून काम केले आणि साखळीचा वेग, थकवा व अपघात यांचे वर्णन करणारे पुस्तक १९७३ मध्ये प्रसिद्ध केले. काम थांबविण्याची दोरी हाताशी असली, तरी शरीराला थांबविण्याची दोरी कामगाराजवळ नव्हती, असे ते वाचताना वाटते. २००२ मध्ये एका कारखान्यातील तिशीतला कामगार कामावर कोसळून मरण पावला. त्याच्या पत्नीच्या दाव्यात नागोया जिल्हा न्यायालयाने २००७ मध्ये हा मृत्यू अतिश्रमाचा असल्याचे मान्य केले आणि कामाच्या वेळेनंतर ‘स्वेच्छेने’ चालणाऱ्या गुणवत्ता मंडळांचा वेळही कामाचाच मानला. पुढील वर्षी कंपनीने या मंडळांच्या वेळेसाठी पूर्ण जादा वेतन देण्याचे ठरविले. ज्या उपक्रमाला जगभर कामगारांच्या आत्मीयतेचा पुरावा मानले गेले, त्याचा अर्थ एका विधवेच्या दाव्याने बदलला.

लौकिकाला तडे

२००९-१० मध्ये अनियंत्रित वेगवाढीच्या तक्रारींमुळे लक्षावधी मोटारी परत बोलवाव्या लागल्या. २४ फेब्रुवारी २०१० रोजी अकिओ टोयोडा अमेरिकी संसदेच्या समितीपुढे हजर झाले आणि वाढीचा वेग माणसे घडविण्याच्या वेगाहून अधिक झाल्याची कबुली त्यांनी दिली. २०११ च्या शासकीय तपासणीत, जिच्यात नासाच्या अभियंत्यांचा सहभाग होता, इलेक्ट्रॉनिक यंत्रणेत असा दोष आढळला नाही. पायाखालच्या चटया आणि अडकणारे पेडल हे दोष मात्र खरे होते. ग्राहकांची दिशाभूल केल्याबद्दल २०१४ मध्ये कंपनीने १.२ अब्ज डॉलर भरण्याचे मान्य केले. येथे यंत्रापेक्षा लपवाछपवी महाग पडली.

त्याहून गंभीर प्रकरण डिसेंबर २०२३ मध्ये उघडकीस आले. टोयोटाच्या मालकीच्या दाइहात्सु कंपनीने सुरक्षा चाचण्यांत गैरप्रकार केले होते आणि त्यांतील काही १९८९ पर्यंत मागे जात होते. विकासासाठी दिलेली अवास्तव मुदत आणि ‘जमणार नाही’ असे वर सांगण्याची सोय नसणे, ही कारणे चौकशी समितीने नोंदविली. दोरी तर होती, पण ती कारखान्यात होती, प्रयोगशाळेत नव्हती.

भारताशी संबंध याच ठिकाणी येतो. किर्लोस्कर आणि टोयोडा यांची गाठ १९९५ मध्ये वस्त्रयंत्रांच्याच व्यवसायात पडली. १९९७ मध्ये टोयोटा किर्लोस्कर मोटर स्थापन झाली आणि बेंगळुरूजवळील बिडदी येथून २००० मध्ये क्वालिस बाजारात आली. भाड्याने चालणाऱ्या गाड्यांच्या मालकांत या गाडीने आणि २००५ पासून इनोव्हाने जो विश्वास मिळविला, तो जाहिरातीपेक्षा चालकांच्या बोलण्यातून पसरला. बिडदीत २००६, २०१४ आणि २०२०-२१ मध्ये संप व टाळेबंदी झाल्या, शेवटच्या वेळी कामाचा भार हाच वादाचा विषय होता.

जानेवारी २०२४ मध्ये तीन डिझेल इंजिनांच्या शक्तिमापन चाचण्यांत गैरप्रकार झाल्याचे जाहीर झाले आणि भारतात इनोव्हा क्रिस्टा, फॉर्च्युनर व हायलक्स यांची रवानगी काही दिवस थांबली. ती इंजिने बनविणारी कंपनी होती टोयोटा इंडस्ट्रीज, म्हणजेच १९२६ चा साकिचीचा माग कारखाना. फेब्रुवारीत रवानगी पूर्ववत झाली. त्याच वर्षी जुलैअखेर छत्रपती संभाजीनगर येथे कारखाना उभारण्यासाठी टोयोटा किर्लोस्कर आणि महाराष्ट्र शासन यांच्यात सामंजस्य करारावर सह्या झाल्या.