चूल नसलेल्यांचे अन्न

मराठीत 'वेगळी चूल मांडणे' म्हणजे वेगळे कुटुंब होणे. आपली जनगणनाही एका स्वयंपाकघरातून जेवणाऱ्यांना एक कुटुंब मानते. अमेरिकेच्या १९६४ च्या फूड स्टॅम्प कायद्याने हीच कल्पना प्रमाण धरली होती. त्याच्या लेखी कुटुंब म्हणजे एका चुलीवर शिजवणारा आणि अन्न एकत्र विकत घेणारा गट; एकट्या माणसापाशीही स्वयंपाकाची सोय असणे आवश्यक होते. संस्थेत राहणारे या व्याख्येतच बसत नव्हते. व्यसनमुक्ती केंद्रातील रुग्ण गरीब असला, तरी त्याला चूल नव्हती. म्हणून कायद्याच्या दृष्टीने तो कुटुंब नव्हता.

व्याख्या निरुपद्रवी दिसतात. पण कोणी जेवायचे हे त्याच ठरवतात. १९७१ च्या दुरुस्तीने एका घरातील सर्वजण परस्परांचे नातलग असावेत, अशी अट घातली. रोख मुख्यतः हिप्पींच्या वसाहतींवर होता. २५ जून १९७३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मोरेनो खटल्यात ही अट रद्द केली. एखाद्या अप्रिय गटाला इजा पोहोचवण्याची निव्वळ इच्छा हे शासनाचे वैध प्रयोजन ठरू शकत नाही, असा त्या निकालाचा आशय होता. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये नव्या कृषी कायद्याने व्यसनमुक्ती व पुनर्वसन केंद्रांतील मद्यपी आणि अमली पदार्थांचे व्यसनी यांना योजनेत सामावून घेतले. केंद्रात शिजलेल्या जेवणासाठी त्यांची कुपने वापरता येऊ लागली.

या अपवादाची घडण पाहण्यासारखी आहे. रुग्णाच्या वतीने केंद्र अर्ज करते. मात्र शासनदरबारी नोंद होते ती त्या रुग्णाची, एका माणसाचे कुटुंब म्हणून. महिन्याच्या सोळा तारखेपूर्वी तो केंद्र सोडून गेला, तर त्याच्या मासिक वाट्याचा अर्धा भाग त्याला परत द्यावा, असाही नियम झाला. म्हणजे अन्न शिजे संस्थेच्या भांड्यात, पण त्यावरचा हक्क माणसाचा राही. चूल नसलेल्यालाही कायद्याने जणू एक अदृश्य चूल बहाल केली.

२२ ऑगस्ट १९९६ रोजी राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी कल्याण-सुधारणा कायद्यावर स्वाक्षरी केली. त्याच्या ११५ व्या कलमाने अमली पदार्थांसंबंधीच्या गंभीर गुन्ह्यात यापुढे दोषी ठरणाऱ्यांना ही मदत आजन्म नाकारली. त्यातून सूट घेण्याची मुभा राज्यांना होती आणि बहुतेक राज्यांनी पुढे बंदी उठवली किंवा सौम्य केली. काहींनी तर उपचार घेणे हीच मदतीची अट ठेवली. १९७३ ने ज्याला रुग्ण म्हणून पानावर बसवले, त्यालाच १९९६ ने गुन्हेगार म्हणून पानावरून उठवले. खून किंवा दरोड्यासाठी मात्र त्या कलमात अशी बंदी नव्हती.

या विसंगतीचा भार केंद्राच्या स्वयंपाकघरावर पडला. बंदी लागू असलेल्या राज्यात एकाच पंगतीत दोन रुग्ण बसत. एकाचा वाटा शासनाकडून येई, दुसऱ्याचा केंद्राला स्वतःच्या खिशातून भरावा लागे. आजार दोघांचा एकच असू शके, भूकही. फरक असे तो न्यायालयातील एका नोंदीचा. आणि वाढणाऱ्याला ती नोंद ताटात दिसत नसे.