रॉक मशीन ते इंडस क्रीड : एका बँडची वाटचाल



कल्याणहून सुटणाऱ्या सकाळच्या लोकलने ज्यांनी नोकरीची वर्षे काढली, त्यांना डब्यातल्या भजनी मंडळाची ओळख करून देण्याचे कारण नाही. टाळ वाजू लागतात, कोणीतरी चाल धरतो, आणि डोंबिवलीला चढलेला मनुष्य ठाणे येईपर्यंत उभ्याचा बसलेला नसला तरी निदान त्रासलेला राहत नाही. याच डब्याच्या दाराशी अलीकडे एखादा मुलगा पाठीवर गिटारची काळी पेटी सांभाळून उभा असतो. त्याच्याकडे पाहून एखादे वडीलधारे गृहस्थ विचारतात, "काय रे बाळ, यात पुढे काय?" मुलगा हसतो आणि उत्तर देत नाही. प्रश्न मात्र रास्त आहे. तो आपण आज इतिहासाला विचारून पाहू.

प्रथम शब्दाचा उलगडा करावयास हवा. बँड म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे वरातीतली लाल डगलेवाली मंडळी येतात. रॉक बँड ही निराळी वस्तू आहे. चारपाच जण, विजेवर चालणाऱ्या गिटारी, एक ड्रमचा संच, एक गाणारा, आणि त्यांनी मिळून रचलेले गाणे, एवढा त्याचा संसार. त्यात मुख्य गायक आणि साथीदार असा भेद फारसा नसतो. आपल्या मैफलीत तबलजी बदलला तरी मैफल त्या गायकाचीच राहते, परंतु येथे एक गडी बदलला की सगळ्यांचा सूर बदलतो. हा प्रकार १९५० नंतरच्या अमेरिकेत रुजला आणि इंग्लंडमध्ये वाढला. लिव्हरपूलच्या बीटल्स मंडळींना एका रात्रीत कीर्ती मिळाली अशी समजूत आहे, ती खरी नाही. १९६० पासून ते जर्मनीतल्या हँबुर्ग शहरी रात्र रात्र वाजवीत होते, आणि लिव्हरपूलच्या केव्हर्न नावाच्या तळघरात त्यांचे जवळजवळ तीनशे प्रयोग झाले. १९६२ साली एका मोठ्या रेकॉर्ड कंपनीने त्यांना नकारही दिला होता.

हे सारे परदेशी आहे, त्याच्याशी आपला काय संबंध, असे कोणी म्हणेल. त्यावर एक जुनी गोष्ट आठवावी. अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यात पारशी मंडळींचे 'इंद्रसभा' पाहिले आणि तसे काही मराठीत करावे असे त्यांच्या मनाने घेतले. १८८० साली 'शाकुंतल' रंगभूमीवर आले. ज्या पेटीशिवाय पुढे आपल्या नाट्यसंगीताचे पान हलेना, ती हार्मोनियमही युरोपातून आलेली. परकी वस्तू घरात येणे हा काही आपल्याकडे अपवाद नाही. ती घरची केव्हा होते, एवढेच पाहावयाचे असते.

मुंबईत रॉक संगीत आले ते तबकड्यांतून आणि रेडिओवरून. १९७० च्या सुमारास 'सिमला' या सिगारेटच्या नावाने तरुण वाद्यवृंदांच्या स्पर्धा होत, आणि त्यांतील निवडक गाण्यांच्या तबकड्या १९७० व १९७१ साली निघाल्या. याच पिढीतले एक नाव आपल्या घरातले आहे. आत्माराम भेंडे आणि आशा भेंडे यांचे चिरंजीव नंदू भेंडे यांनी मुंबईच्या इंग्रजी बँडांतून गाणे सुरू केले. पुढे पु. ल. देशपांडे यांच्या 'तीन पैशाचा तमाशा' या १९७८ सालच्या नाटकात त्यांनी अंकुशची भूमिका केली आणि रॉकचा आवाज मराठी रंगभूमीवर आणला. २०१४ साली ते निवर्तले. वाट होती, परंतु तिच्यावर एकेकटी पावले पडत होती. तीवरून एखादा जथा दूरवर चालत गेला, असे अजून घडले नव्हते.

ते घडावयास प्रारंभ झाला १९८४ साली. त्या वर्षी मुंबईत 'रॉक मशीन' हा बँड उभा राहिला. गिटारवर महेश तिनईकर, बेस गिटारवर मार्क सेल्विन, ड्रमवर मार्क मेनेझिस, गाण्यास इयन सान्तामारिया. पुढे उदय बेनेगल, झुबिन बालापोरिया, जयेश गांधी हे येऊन मिळाले, आणि इयन गेल्यावर गाण्याची मुख्य जबाबदारी उदय बेनेगल यांच्याकडे आली. ही नावे एकापुढे एक वाचली तरी मुंबई शहर डोळ्यांपुढे उभे राहते.

त्या काळची अडचण आज सांगूनही पटावयाची नाही. चांगली गिटार, चांगला ध्वनिवर्धक ही परदेशातून यावयाची वस्तू, आणि आयातीवरचे निर्बंध व जकात कडक. कोणाचा मामा आखातातून येताना तारा आणील, कोणी जुने वाद्य विकील, यावर सारे अवलंबून. तालमीला खोली मिळणे त्याहून कठीण, कारण ड्रम वाजला की शेजारी दार ठोठावणारच, आणि त्याला दोष तरी कसा द्यावा? तिसरी अडचण सर्वांत मोठी. श्रोता तिकीट काढून यावयाचा तो परदेशी प्रसिद्ध गाणी ऐकण्यासाठी. ती हुबेहूब वाजविली की टाळ्या, आणि "हे आमचे स्वतःचे" असे म्हटले की लोक चहा प्यावयास उठत. प्रारंभी रॉक मशीननेही दुसऱ्यांचीच गाणी वाजविली. ती उमेदवारी होती, आणि उमेदवारीवाचून कोणतीही कारागिरी येत नाही.

ही उमेदवारी झाली कोठे? कॉलेजांच्या स्नेहसंमेलनांत, पवईच्या आय. आय. टी.सारख्या ठिकाणच्या उत्सवांत, आणि धोबीतलावाच्या रंगभवनात. रंगभवन हे उघड्यावरचे नाट्यगृह. १९७८ साली तेथे जॅझ यात्रा भरली, १९८० साली इंग्लंडचा 'पोलीस' हा बँड तेथे वाजवून गेला, आणि १९८६ पासून फरहाद वाडिया यांनी चालविलेला 'इंडिपेंडन्स रॉक' हा स्वातंत्र्यदिनाच्या सुमाराचा महोत्सव अनेक वर्षे तेथे गाजला. नव्या बँडांना मोठ्या जमावापुढे उभे राहण्याची ती एक मोक्याची जागा होती. आपल्या ठाणे-कल्याण-डोंबिवलीची मुले तेथे जात ती शेवटच्या लोकलचे वेळापत्रक खिशात घालून. गाणे ऐन रंगात आले की व्ही. टी.कडे धाव घ्यावयाची, असा तो आनंद होता.

१९८८ साली रॉक मशीनचा 'रॉक अँड रोल रेनेगेड' हा स्वतः रचलेल्या गाण्यांचा संग्रह निघाला. दुसऱ्यांची गाणी वाजवून पोसलेल्या मंडळींनी आपले गाणे बाजारात मांडले, हा या इतिहासातला वळणाचा क्षण आहे. १९९० साली 'द सेकंड कमिंग' हा दुसरा संग्रह आला. तोपर्यंत सहा वर्षे गेली होती. कॉलेजच्या मुलाला सहा वर्षे म्हणजे केवढा काळ! त्याच्या वर्गातले सोबती तोवर नोकरीत कायम झालेले असतात आणि घरात त्याच्या लग्नाची बोलणी निघालेली असतात.

१९९१ पासून उपग्रह दूरचित्रवाणी घराघरांत शिरली आणि तिच्याबरोबर संगीताची स्वतंत्र वाहिनी आली. आजवर ज्यांना रंगभवनाच्या बाकांवरून पाहावे लागे, ते आता नागपूरच्या दिवाणखान्यातही दिसू लागले. १९९३ साली मंडळींनी आपले नाव बदलून 'इंडस क्रीड' असे ठेवले. जुने नाव जगातल्या कोणत्याही बँडला शोभले असते, नव्या नावात आपल्या भूमीची खूण होती. १९९५ साली त्याच नावाचा संग्रह आला आणि 'प्रिटी चाइल्ड' या गाण्याच्या चित्रफितीमुळे हा बँड देशभर ओळखीचा झाला. प्रारंभापासून तेथवर पोहोचावयास अकरा वर्षे लागली.

येथे कथा संपविली तर ती सुखान्त होईल, परंतु पुरती खरी होणार नाही. १९९७ साली बँड विसर्जित झाला. उदय बेनेगल आणि जयेश गांधी न्यूयॉर्कला गेले व तेथे त्यांनी 'आम्स फॉर शांती' हा निराळा उद्योग आरंभिला. २०१० साली मंडळी पुन्हा एकत्र आली आणि २०१२ साली 'इव्हॉल्व्ह' हा संग्रह त्यांनी काढला. मग शिखरावर पोहोचल्यावर दोनच वर्षांत हे का थांबले? माझ्या समजुतीने एक मोठे कारण भाषेत आहे. त्याच सुमारास हिंदी पॉप गाण्यांचा पूर आला आणि वाहिन्या व कंपन्या तिकडे वळल्या. इंग्रजी गाणाऱ्या बँडचे छप्पर ठेंगणे होते. त्याखाली ताठ उभे राहता येत होते, उडी मारता येत नव्हती. किर्लोस्करांनी परका साचा घेतला, परंतु शब्द मराठी घातले, आणि त्यांच्या मंडळीला गावोगाव प्रेक्षक मिळाला. या मंडळींनी आपले गाणे घडविले, पण ते ज्या भाषेत घडले ती घरोघरची नव्हती. हा त्यांचा अपराध नव्हे, ते ज्या मुंबईत वाढले तिची ती बोली होती. नंतरच्या पिढीतल्या मराठी मुलांनी अभंग आणि गिटार यांची गाठ घालण्याचे प्रयत्न केले, त्यांच्यामागे हाच अनुभव आहे असे मला वाटते.

आता आपल्या गावांकडे वळू. रंगभवनाचे पुढे काय झाले? २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रुग्णालये, शाळा-कॉलेजे व न्यायालये यांच्या भोवतालचे शंभर मीटर शांतता क्षेत्र मानले आणि रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकांस उघड्यावर बंदी केली. कॉलेज आणि रुग्णालय यांच्या शेजारचे ते उघडे नाट्यगृह संगीताला बंद झाले. नियम चुकीचा होता असे मी म्हणणार नाही. आजारी माणसाची झोप ही कोणत्याही गाण्याहून मोलाची आहे. परंतु एक जागा गेली तिच्या बदली दुसरी कोणी दिली नाही, ही गोष्ट खरी.

ठाण्याला १९७८ पासून गडकरी रंगायतन आहे, कल्याणला अत्रे रंगमंदिर आहे, डोंबिवलीला सावित्रीबाई फुले यांच्या नावाचे नाट्यगृह आहे. ही बंदिस्त सभागृहे आहेत, तेव्हा शेजाऱ्याच्या झोपेचा प्रश्न येथे पुष्कळ हलका होतो. त्यांतली महिन्याची एक सायंकाळ नवख्या बँडांना कमी भाड्याने मिळाली, आणि त्या सायंकाळी स्वतःचे गाणे गाण्याची अट घातली, तर काय बिघडेल? शाळा सुटल्यावर रिकामा पडणारा एखादा वर्ग तालमीला मिळाला तर? दिवाळीच्या पहाटे फडके रस्त्यावर किंवा राममारुती रस्त्यावर जमणारी हजारो मुले आपण पाहतोच. त्यांच्यापुढे कर्ण्यावर तयार गाणी लावण्याऐवजी त्यांच्यातल्याच चौघांना गावयास लावणे काही अवघड नाही.

म्हणून लोकलच्या दाराशी उभ्या असलेल्या त्या मुलाला "पुढे काय" असे विचारणाऱ्या गृहस्थांना इतिहासाचे उत्तर असे आहे: बहुतेकांच्या बाबतीत पुढे फारसे काही नसते, ज्यांच्या बाबतीत असते त्यांनाही दहाबारा वर्षे लागतात, आणि तेवढी वर्षे कोठेतरी उभे राहून वाजवावे लागते. मुलाने शिक्षण सोडावे असे यातून निघत नाही. मात्र ती उभे राहण्याची जागा त्याला त्याचे आईबाप एकटे देऊ शकत नाहीत, ती गावानेच द्यावयाची असते. भजनी मंडळाला डब्यात जागा करून देणारी आपण माणसे आहोत. या मुलालाही थोडे सरकून जागा करून द्यावी, आणि त्याने पेटी उघडलीच तर त्याचे स्वतःचे गाणे आधी ऐकवावयास सांगावे.