तळटीप १४ : सरखेलांचा पुतळा

१४. हा पुतळा मराठा आरमाराचे मुख्याधिकारी सरखेल कान्होजी आंग्रे (मृत्यू १७२९) यांचा असून, ज्या कंपनी सरकारने त्यांना चाचा म्हणून हिणवले तिच्याच मुंबईतील जुन्या कोटात, १९५१ पासून त्यांचे नाव धारण करणाऱ्या नौदलाच्या ठाण्यात, तो उभा आहे, हे यथोचितच होय. १७१३ मध्ये बाळाजी विश्वनाथांशी तह करून त्यांनी शाहू छत्रपतींचा पक्ष स्वीकारला, तेव्हा त्यांच्याकडे राहिलेल्या दहा किल्ल्यांत शास्त्री नदीच्या मुखावरील जयगड होता. तलवारीइतकीच त्यांची मुत्सद्देगिरीही या तहात प्रत्ययास येते. जयगड किल्ल्यातील पडक्या इमारतीस आजही कान्होजींचा वाडा म्हणतात. १८१८ मध्ये जयगड इंग्रजांच्या अंमलाखाली गेला.