बॉयलरचा पहिला जाळ

दसऱ्याच्या सुमारास देशावरच्या साखर-कारखान्यांतून एक लहानसा विधि होतो. वर्तमानपत्रांत त्याची बातमी 'बॉयलर अग्निप्रदीपन' अशा भारदस्त नांवानें येते. भट्टीच्या तोंडाशीं पूजा होते, नारळ फुटतो, आणि कोणी मान्यवर पाहुणा पेटता पलिता आंत टाकतो. पुढें कांहीं दिवसांनीं गव्हाणींत उसाची पहिली मोळी पडते व गळीत सुरू होतें. मोळीच्या समारंभाला गर्दी लोटते. अग्निप्रदीपनाला त्या मानानें थोडी. तथापि, श्रोतेहो, कारखान्याच्या वर्षांतला अवघड प्रसंग तो हाच, आणि त्याच्या मागें बराच मोठा इतिहास उभा आहे.

साखर-कारखान्याचें सरपण म्हणजे पिळलेल्या उसाचा चोथा. कारखान्यांत त्याला बगॅस म्हणतात. शंभर टन उसामागें सुमारें २८ ते ३० टन चोथा निघतो. त्यांत निम्मा भाग पाणीच असतें. तरीही टनभर चोथ्यावर दोन टनांहून थोडी अधिक वाफ मिळते, आणि शंभर टन उसाची साखर करावयास जुन्या धाटणीच्या कारखान्यांत पन्नास टनांच्या आसपास वाफ खर्च होते. हिशेब जुळतो; चांगल्या व्यवस्थेंत चार काड्या उरतातही. परंतु हा हिशेब चालत्या कारखान्याचा झाला. थंड पडलेल्या कारखान्यापुढें कोडें निराळें असतें. चोथा मिळावयाचा तर चरक फिरला पाहिजे, चरक फिरावयाचा तर वाफ पाहिजे, आणि वाफ हवी तर चोथा पाहिजे! हें वर्तुळ कोठें तरी तोडल्यावांचून गत्यंतर नाहीं, आणि तें तोडण्याचें काम पिढ्यान् पिढ्या लांकडानें केलें आहे.

आपल्या गुऱ्हाळांना हें कोडें फारसें जाचलें नाहीं. चरकांतून निघालेलीं चिपाडें उन्हांत वाळवावीं आणि चुलवाणांत घालावीं. तीं वाळेपर्यंत पाचट आहेच. मोठ्या प्रमाणावर साखर करूं पाहणाऱ्यांना मात्र सरपणाची किंमत फार लवकर कळली. वेस्ट इंडीजमधील बार्बाडोस बेटावर इंग्रजांनीं १६२७ सालीं वसाहत केली. १६४० नंतर तेथें साखरेचा धंदा फोफावला, आणि शेतांसाठीं तोड व कढयांखालीं जाळ अशा दुहेरी माऱ्यानें कांहीं दशकांतच बेटावरचें बहुतेक रान नाहींसें झालें. मग इंग्लंडहून कोळसा येऊं लागला, चिपाडें वाळवून जाळण्याची रीत आली, आणि एकाच धुराच्या वाटेवर ओळीनें कढया मांडून थोड्या जाळांत काम भागविण्याची युक्ति रूढ झाली. काटकसर ही तेथें तरी जंगल संपल्यावर सुचली.

ओला चोथा न वाळवितां, चरकांतून येईल तसाच जाळण्याची विद्या १९ व्या शतकाच्या उत्तरार्धांत हस्तगत झाली. तिचें मर्म भट्टीच्या विटांत आहे. भट्टीला आंतून अग्निरोधक विटांचें जाड अस्तर असतें. तें तापून लाल झालें म्हणजे वरून पडणारा ओला चोथा त्याच्या धगीनें आधीं सुकतो व मग पेट घेतो. विटा थंड असतील तर तोच चोथा नुसता धुमसतो. म्हणजे नव्या विद्येनें लांकडाची गरज पुष्कळ कमी केली. पहिल्या प्रहराचें काम मात्र त्याच्याकडेच राहिलें.

हा पहिला प्रहर कसा जात असे, तें जरा विस्तारानें सांगण्याजोगें आहे. भट्टी पेटविण्याअगोदर बॉयलरमध्यें पाणी भरावयाचें. वाफेवर चालणारा पंप अजून निजलेला, म्हणून तें हातपंपानें किंवा उंचावरच्या टांकींतून. आंतली हवा निघून जावी यासाठीं माथ्यावरची तोटी उघडी ठेवावयाची. मग धुराड्याकडे पाहावयाचें. थंड धुराडें धूर ओढीत नाहीं. उलट तो भट्टीच्या तोंडांतून माणसांच्या अंगावर येतो. म्हणून धुराड्याच्या पायथ्याशीं गवत किंवा रंध्याचा भुसा पेटवून आंतली हवा हलकी करीत. त्यानंतर भट्टींत ढलप्या, त्यांवर मनगटाएवढीं लांकडें, आणि तीं रसरसल्यावर बाभळीचे ओंडके. बाभूळ पेटते सावकाश, पण तिचा निखारा चिवट. माझ्या मतें थंड विटा तापविण्यास देशावर तिच्यासारखें सरपण नाहीं.

यांत घाई चालत नाहीं. १८४४ च्या सुमारास इंग्लंडांत निघालेला लँकशायर बॉयलर आपल्याकडील गिरण्या-कारखान्यांतून दीर्घ काळ वापरांत होता. त्याच्या पोटांत दोन मोठ्या नळ्या, आणि जाळ त्यांच्या आंत. वरचें पाणी उकळूं लागलें तरी तळचें थंडच राहतें. वरचा पत्रा पसरतो, खालचा पसरत नाहीं, आणि रिव्हेटांचे सांधे कुरकुरूं लागतात. म्हणून थंड बॉयलरला वाफेवर आणण्यास अहोरात्र घ्यावा, असा जाणत्यांचा दंडक होता. दंडक मोडण्याची किंमत माणसें देत. कलकत्त्यास १८६३ सालीं बॉयलर फुटून अनेकांचे प्राण गेले, आणि दुसऱ्याच वर्षीं बंगालमध्यें तपासणीचा कायदा झाला. साऱ्या देशाला लागू होणारा कायदा १९२३ सालीं आला. २०२५ सालीं नव्या कायद्यानें त्याची जागा घेतली.

१९३२ सालीं साखर-धंद्याला संरक्षण मिळालें आणि दख्खनच्या कालव्यांकांठीं कारखाने उभे राहूं लागले. १९५० सालीं प्रवरानगरच्या सहकारी कारखान्याचें गळीत सुरू झालें, तेव्हां शेतकरीच भट्टीचा मालक झाला. आज कारखान्यांचे बॉयलर जुन्यांच्या अनेक पट दाबाचे आहेत, आणि ते साखरेबरोबर वीजही करून विकतात. परंतु त्यांच्या हवेचे पंखे व पाण्याचे पंप विजेवर फिरतात. कारखान्याचें स्वतःचें जनित्र फिरेपर्यंत ती वीज बाहेरून घ्यावी लागते, आणि बाहेरची वीज बव्हंशीं दगडी कोळशाची. जुन्या धुराड्याला असल्या उसनवारीची गरज नव्हती. पेंढ्याच्या एका जुडीवर तें जागें होई. पहिला जाळ लांकडाचा असला तरी पहिला वारा आतां कोळशाचा आहे, हें पूजेच्या वेळीं कोणी बोलून दाखवीत नाहीं. कित्येक भट्ट्यांतून तर तो जाळही डिझेलनेंच लावतात.

या उसनवारीचा मोठा भाग सरत्या हंगामांतच फेडतां येण्यासारखा आहे. गळीत संपतांना उरलेला चोथा गठ्ठे बांधून, पावसाळाभर झांकून ठेविला तर दसऱ्याला तो कोरडा हाताशीं असतो, आणि लांकूड केवळ विटा तापविण्यापुरतें लागतें. काळजी मात्र घ्यावी लागते. ढीग ओला राहिला तर आंतून कुजतो, तापतो, आणि प्रसंगीं आपोआप पेटतोही. शिवाय मोह आडवा येतो. कागदाच्या गिरण्या चोथ्याला रोख पैसा मोजतात. वैशाखांत सगळी रास विकून टाकणाऱ्या कारखान्याला आश्विनांत लांकडाच्या वखारीकडे जावें लागतें, आणि त्या वखारींतील ओंडके कोणाच्या बांधावरून आले, हें सहसा विचारलें जात नाहीं.