कामटी, पट्टी आणि संप्रेरके: परभणी परिसरातील अस्थिचिकित्सेचा मागोवा

गोदावरी, पूर्णा आणि दुधना या नद्यांच्या काठच्या काळ्या जमिनीवर जगणाऱ्या परभणी जिल्ह्यात मोडलेले हाड हा केवळ माणसाच्या दुखण्याचा विषय नव्हता. लाल कंधारी बैलाच्या पुढच्या पायाची नळी मोडली, तर त्या घराचा हंगामच बुडत असे. सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या संस्थानात आणि १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात असलेल्या या भागात हाड बसवण्याचे काम, मराठवाड्यात इतरत्र होते तसेच, बहुतांशी हाडवैद्याकडे असे. तो बोटांनी चाचपून मोडीची जागा शोधी, अवयव ताणून टोके समोरासमोर आणी, कांडवेलीचा लेप देऊन वर कापडाची घडी ठेवी आणि बांबूच्या कामट्या सुतळीने आवळी.

या पद्धतीची शास्त्रीय मांडणी सुश्रुतसंहितेत आढळते. तेथे वड, उंबर, पिंपळ, पळस यांच्या साली आणि बांबू या कामासाठी सांगितले आहेत. बंध सैल राहिला तर सांधा स्थिर होत नाही आणि फार आवळला तर सूज, वेदना व पू होतो, अशी ताकीद आहे. शिवाय थंड ऋतूत सात दिवसांनी, समशीतोष्ण ऋतूत पाच दिवसांनी आणि उष्ण ऋतूत तीन दिवसांनी पट्टी बदलावी, असा नियमही आहे. परभणीच्या उन्हाळ्यात हा शेवटचा नियम किती व्यवहारी ठरतो, हे वेगळे सांगावयास नको. बालवयात महिन्यात, मध्यम वयात दोन महिन्यांत आणि उतारवयात तीन महिन्यांत हाड स्थिर होते, असेही संहिता सांगते. हे निरीक्षण आकड्यांसकट शब्दशः खरे नसले, तरी त्याची दिशा अचूक आहे.

वयाप्रमाणे हा काळ का वाढतो, याचे उत्तर मात्र शरीरातील रासायनिक संदेशांत शोधावे लागते. हाड मोडताच रक्तवाहिन्या फुटून तेथे रक्त साकळते, आणि त्या गुठळीतून व दुखावलेल्या पेशींतून निघणारी प्रथिने हाडावरच्या आवरणातील मूळपेशींना, म्हणजे अजून कोणतेही ठराविक काम न स्वीकारलेल्या पेशींना, कामाला लावतात. टोके किंचित हलत असतील तर या पेशी आधी कूर्चा तयार करतात, मग तिच्यावर कॅल्शियम चढून कच्चे हाड बनते. कामट्यांचा बंध प्लास्टरइतका ताठ नसल्यामुळे हाडवैद्याच्या बोटांना काही आठवड्यांनी लागणारी टणक गाठ ती हीच. पुढे महिनोन्‌महिने अस्थिभंजक पेशी ही गाठ कोरतात आणि अस्थिजनक पेशी नवे हाड रचतात. यातील गंमत अशी, की भंजक पेशींना बोलावणारे प्रथिन आणि त्यांना आवर घालणारे प्रथिन, ही दोन्ही जनक पेशींच्याच कुळातून येतात. हा उलगडा १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात झाला.

या स्थानिक संदेशांवर दूरच्या ग्रंथींचीही हुकमत चालते. परावटू ग्रंथीचे संप्रेरक, म्हणजे रक्तातून दूरवर पोहोचणारे रासायनिक द्रव्य, रक्तातील कॅल्शियम उतरले की ते हाडातून काढून घेते. ड जीवनसत्त्व आतड्यातून कॅल्शियम शोषून घेण्यास मदत करते. इस्ट्रोजेन भंजक पेशींना लगाम घालते, त्यामुळे पाळी थांबल्यावर स्त्रियांची हाडे झपाट्याने विरळ होतात. वाढत्या वयातील मुला-मुलींच्या लांब हाडांच्या टोकांशी असलेले वाढीचे पट्टे अखेर बंद करणारे संप्रेरकही तेच आहे.

कांडवेलीची परीक्षा प्रयोगशाळेत झाली ती बनारसला: के. एन. उडुपा आणि प्रसाद यांनी किरणोत्सारी कॅल्शियम वापरून केलेला जनावरांवरील अभ्यास १९६४ साली प्रसिद्ध झाला आणि वेलीचा परिणाम अनुकूल दिसला. पुढच्याच वर्षी अमेरिकेत मार्शल युरिस्ट यांनी खनिज काढून टाकलेले हाड स्नायूत ठेवले असता तेथे नवे हाड तयार होते, असे दाखवले. त्यामागच्या प्रथिनाला १९७१ मध्ये नाव मिळाले.

त्यानंतरच्याच वर्षी, दुष्काळाच्या छायेत, परभणीत मराठवाडा कृषी विद्यापीठ आणि पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, आणि बैलाच्या मोडलेल्या पायाला जिल्ह्यातच पदवीधर पशुवैद्याचा आधार मिळण्याची सोय झाली. प्रथिनाचे नाव कळल्याने बैलाचे काम सोपे झाले नाही. सुश्रुताने पायाच्या मोडीसाठी सांगितलेले, फळीवर खुंट्यांना बांधून निजवण्याचे कपाटशयन उभ्या जनावराला लागू पडत नाही. मोडीच्या वरचा व खालचा असे दोन्ही सांधे प्लास्टरमध्ये घ्यावे लागतात, जे गुडघ्याखालच्या नळीला जमते पण मांडीच्या हाडाला जमत नाही. वासराचे वजन कमी आणि हाड वाढीचे, म्हणून त्याची मोड लवकर सांधते. पूर्ण वाढलेल्या बैलाच्या वजनाखाली टोके सरकत राहिली, तर कूर्चेचे हाड होण्याची पायरी पुढे सरकतच नाही.