भिंतीवरचे देव

देव भिंतीवर कधी आले, असा प्रश्न सहसा कुणाला पडत नाही. पंचांगाशेजारच्या खिळ्यावर ते सृष्टीच्या आरंभापासूनच असावेत, अशी आपली समजूत. आमच्या मुखेडच्या घरीही कमळावर उभी लक्ष्मी होती. शेजारी हत्ती, चेहरा असा सालस की आजी तिला 'आपल्याकडचीच' म्हणे.

या आपल्याकडचीची कुंडली मांडली की डोके गरगरते. चित्रकार राजा रविवर्मा, त्रावणकोरचे. छापखाना १८९४ साली मुंबईत, गिरगावात निघाला. मग प्लेगाचे दिवस आले आणि तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. यंत्रे जर्मन, तंत्रज्ञ जर्मन. आणि कर्ज डोईजड झाले तेव्हा कारखाना विकत घेणारे फ्रिट्झ श्लायशर, तेही जर्मनच! दगडावरची ही छपाई १७९६ च्या सुमारास बव्हेरियात झेनेफेल्डरने शोधली. तेल आणि पाणी यांचे एकमेकांशी पटत नाही, या एका भांडणावर सगळी विद्या उभी. रंगागणिक दगड वेगळा. एक दगड जरा सरकला की देवीचे कुंकू नाकावर!

तिकडे याच विद्येवर मेरीमातेची नि संतांची चित्रे निघत, आणि कॅथलिक यात्रेकरू ती प्रार्थनेच्या पुस्तकात जपून ठेवत. इकडे वांद्र्याला मोतमाउलीची जत्रा, आमच्याकडे माळेगावचा खंडोबा. देव निराळे, पण घरी परतताना पिशवीत चित्र हवेच. माळेगावला माणूस घोडे पाहायला जातो, भावावरून भांडतो, आणि शेवटी खंडोबाची गुंडाळी काखेत मारून निघतो. यात्रा झाल्याचा पुरावा नको?

'बाजारू देव' म्हणून या चित्रांना नाके मुरडणारे पुष्कळ. असतील बापडे बाजारू. पण ज्या माणसाला पुजारी देवळाच्या पायरीशीच अडवीत असे, त्याला दुकानदाराने कधी जात विचारून चित्र नाकारल्याचे माझ्या तरी ऐकण्यात नाही. थोड्या पैशांत देव त्याच्या झोपडीत आला, आणि तोही समोरासमोर.

मळवलीचा छापखाना १९७२ साली आगीत गेला. चित्रे मात्र घरोघरी उरली, नि त्यांच्यासोबत एक पेचही. कसर लागलेला देव टाकायचा कुठे? केरात जीव धजत नाही, रद्दीवाल्याला देववत नाही. म्हणून पिंपळाच्या पारावर पाहावे: काच तडकलेले दत्त, कडा कुरतडलेली रेणुका, सगळी मंडळी ओळीने बसलेली, पावसाची वाट पाहत.